सुई मधोमध आली की मारा किक

समजा, हरसूलच्या एखाद्या अंगणात ताडपत्रीखाली एक गाडी उभी आहे. लष्करी हिरव्या रंगाची जुनी बुलेट. फौजेची नोकरी संपवून आलेली, कुणीतरी स्क्रू न् स्क्रू सुटा करून पुन्हा जोडलेली आणि आता विकायला काढलेली. तुम्ही गिऱ्हाईक. आधी काय बघाल?

रंग? तो कालही मारलेला असेल. खाली वाका आणि आकडे बघा! इंजिनावर आणि चासीवर ठोकलेले आकडे. शेताला जसा सातबारा, तसे हे गाडीला. दोन्ही आकडे कागदांशी जुळले, तर समोर एक अख्खी गाडी आहे. नाही जुळले, तर दोन-तीन गाड्यांचे अवयव एका सांगाड्यावर बसवलेले असू शकतात. म्हणून तर केंद्र सरकारच्या 2021च्या नियमांत व्हिंटेज ठरायला नुसतं वय पुरत नाही. गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी हवी आणि तिच्या चासीत, इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात आणि ती 10 वर्षं चालते. पण मग तिच्यावर रोज बाजारहाट करता येत नाही. ती बाहेर काढायची ती रॅलीला किंवा प्रदर्शनाला.

आता बुलेट बनवणाऱ्या एनफिल्ड कंपनीच्या नावाची गंमत बघा. एनफिल्ड हे इंग्लंडमधलं सरकारी बंदुका बनवणारं ठिकाण होतं. रेडिच गावची एक कंपनी त्या कारखान्याला बंदुकीचे सुटे भाग पुरवायची, तिथून तिने हे नाव घेतलं. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्कराने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी 350 सीसीच्या बुलेट मागवल्या. त्या मागणीतून 1955 साली मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखान्याचं बांधकाम सुरू झालं. पुढे 1967 साली रेडिचचा कारखाना बंद पडला. आणि 1977 साली? मद्रासच्या बुलेट थेट ब्रिटनला विकायला निघाल्या! लेक सासरी रुजली, माहेर मिटलं आणि लेकीनेच माहेरच्या गावाला शिदोरी धाडली.

आता इंजिनापाशी या. सिलिंडर एकच. रुंदी 70 मिलिमीटर, पिस्टनची धाव 90. हवा-पेट्रोल ओढायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर टाकायचा, अशा चार धावा. त्यांतली जोर देणारी फक्त एक! मग उरलेल्या तीन धावांना पिस्टनला कोण हलवतं? फ्लायव्हील. जात्याची वरची तळी आठवा. एकदा वेग घेतला की हात क्षणभर सुटला तरी ती घरघरत राहते. या जड चाकाचं काम अगदी तसंच. बुलेटचे ते संथ, सुटे सुटे ठोके म्हणजे हेच जातं.

पण एवढं जड जातं एका पायाने फिरवायचं कसं? त्याची किल्ली हेडलाइटच्या वरच्या, वीजप्रवाह दाखवणाऱ्या छोट्याशा अ‍ॅमीटरमध्ये दडलेली आहे. चावी फिरवा आणि किक हळूहळू दाबत जा. सुई आधी डावीकडे झुकते, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे आतले पॉइंट मिटलेत, वीज वाहते आहे. अचानक ती टुणकन मधोमध येते. पॉइंट उघडले! ठिणगीचा क्षण हाच, म्हणजे पिस्टन दाबाच्या धावेत अगदी माथ्याजवळ आहे. बंद धातूच्या पोटात काय चाललंय, ते एका सुईने बाहेर सांगितलं! आता डिकंप्रेशनचा लिव्हर ओढा. कोंडलेली हवा फुस्स करून निसटते. किक किंचित पुढे सरकवा, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या. पिस्टन माथा ओलांडून पलीकडे गेला आहे. पुढचा दाब येईपर्यंत जात्याला वेग घ्यायला मोकळे तीन टप्पे मिळाले. आता एकच पूर्ण किक!

म्हणून अशी गाडी घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. तिचा जन्म आकड्यांत लिहिलेला आहे आणि नाडी सुईवर दिसते. जोडणाऱ्याने पॉइंट नीट बसवले असतील, तर सुई खोटं बोलणार नाही. लहानशा पोराला सुईकडे बघायला सांगा, त्यालाही गाडीच्या पोटातली हालचाल कळेल. पन्नास वर्षांनंतरही जे यंत्र आपल्या आतलं सगळं असं उघड सांगतं, त्याचे पैसे मोजताना हात आखडत नाही.

सुई मधोमध आली. पाय वर घ्या.

धड्... धड्... धड्...