पाचवीची परीक्षा, पॅट आणि 'परख' : कोणती चाचणी कशासाठी?



एप्रिल जवळ आला की चाकण-भोसरी पट्ट्यातल्या शाळांच्या गेटवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "मॅडम, आता पाचवीला नापास करतात का?" उत्तर आहे, हो, पण लगेच नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ मुळे आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवता येत नव्हतं. त्याच वर्षी आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. 'परीक्षाच बंद झाल्या' असा बोभाटा झाला, तो चुकीचा होता. आकारिक आणि संकलित मूल्यमापन आपण करतच होतो. पण नीट वाचता न येणारी मुलं वर सरकत होती हेही खरं. २०१९ मध्ये संसदेने कलम १६ बदललं, मागे ठेवायचं की नाही हे राज्यांवर सोडलं, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी नियम केले. वार्षिक परीक्षेत मूल राहिलं तर जादा मार्गदर्शन, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा, आणि तीही गेली तरच तोच वर्ग. शाळेतून काढता येत नाही.

आता खरा गोंधळ. पालकांना सगळ्या चाचण्या सारख्याच वाटतात. आपल्या भागात कंपनीची भाषा पटकन कळते म्हणून तसंच सांगते. लॉटमधले थोडे पार्ट काढून तपासले तर मशीन कसं चाललंय ते कळतं. 'परख' सर्वेक्षण असं आहे. ४ डिसेंबर २०२४ ला ते देशभरातल्या निवडक शाळांत तिसरी, सहावी आणि नववीला झालं. त्यात तुमच्या मुलाचा निकाल लागत नाही. पॅट, म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी, शिक्षकाला कोण कुठे अडलंय हे दाखवण्यासाठी आहे. आणि पाचवीची वार्षिक परीक्षा म्हणजे गो-नो गो गेज, पार्ट पास किंवा रिजेक्ट. फक्त रिजेक्ट पार्टला काही वाटत नाही, दहा वर्षांच्या मुलाला वाटतं.

एका चाचणीवर दुसरीचं काम लादलं की बिघाड होतो. पॅटच्या गुणांवरून शाळांची तुलना सुरू झाली की गुण 'सुधारायला' लागतात, आणि मग अडलेलं मूल कागदावर सापडतच नाही. (हे आपण सगळे जाणतो, बैठकीत कोणी बोलत नाही.)

हा वाद नवा नाही. इंग्रजांच्या काळात निकालाप्रमाणे अनुदान देण्याची पद्धत होती. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात गरीब, शिक्षणापासून दूर राहिलेल्या लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत योग्य नाही असं म्हटलं होतं. पुढे १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते नामंजूर झालं. त्यांचा झगडा मूल शाळेत यावं यासाठी होता.

आपल्या पट्ट्यात ते आजही मोठं काम आहे. वडिलांचं कंत्राट संपलं की कुटुंब कुरुळीहून तळवड्याला, नाहीतर थेट गावी. कोणी नांदेडहून ऑगस्टमध्ये येतं, कोणी बिहारहून डिसेंबरात, घरात मराठी नाही. त्या मुलाच्या हातात तीन-चार महिन्यांत तीच प्रश्नपत्रिका. परीक्षा नको असं मी म्हणत नाही, वाचता येत नाही हे कळलंच पाहिजे. पण ते दुसरी-तिसरीतच कळायला हवं. पाचवीत मागे ठेवून ते भरून निघतं असं मला वाटत नाही.

पालकांनो, एक काम नक्की करा. १ मेच्या सुमारास निकाल लागतो आणि लगेच गावची गाडी असते. निघण्याआधी शाळेत विचारा, 'मूल कोणत्या विषयात राहिलंय? जादा तासिका कधी? पुनर्परीक्षेची तारीख काय?' तारीख चुकली तर मिळालेली संधी वाया जाते. आणि शिक्षकांनो, निकाल देताना ही तारीख प्रगतिपुस्तकावर पेनाने मोठ्ठी लिहून द्या, शक्य तर हिंदीतही. गावचा फोन नंबर घ्यायला विसरू नका, कारण इथला नंबर मे महिन्यात बहुतेक वेळा बंद लागतो.