चितगांवच्या डोंगरांतील जमिनीचा तंटा

आज ज्या प्रदेशाविषयीं आपणांशीं बोलावयाचें आहे, तो बांगला देशाच्या आग्नेय कोपऱ्यांत, त्रिपुरा, मिझोराम व ब्रह्मदेश यांच्या सरहद्दींना लागून आहे. रांगामाटी, खागडाछडी आणि बांदरबन हे या चितगांवच्या डोंगरी मुलखाचे तीन जिल्हे. चाकमा, मारमा, त्रिपुरी, म्रो इत्यादि अकरा जमातींची ही वसतिभूमि. १९५१ च्या खानेसुमारींत येथें शेंकडा नव्वदांहून अधिक लोक डोंगरी जमातींचे होते. २०२२ मध्यें ते सुमारें निम्म्यावर आले. हा पालट कसा घडला व त्यांतून रक्तपात कां उद्भवला, हें कळावयास आधीं तेथील जमिनीची व्यवस्था पाहिली पाहिजे.

डोंगरउतारावरचें रान तोडून जाळावयाचें, त्या राखेंत भात, कापूस, तीळ एकत्र पेरावयाचे, आणि मग ती जागा कांहीं वर्षें पडीत ठेवावयाची, या पद्धतीला तेथें जूम म्हणतात. आपल्या कोंकणांत अशाच शेतीला कुमरी म्हणत. जूमची जागा कोणा एकाच्या नांवावर नसे. कोणीं कोठें कसावयाचें, हें मौजाचा प्रमुख वहिवाटीप्रमाणें ठरवी. इंग्रजांनीं १९०० सालीं केलेल्या कायद्यानें ही वहिवाट बरीचशी राखली व बाहेरच्यांच्या वस्तीवर निर्बंध घातले. परंतु जंगल व पडीत भूमि सरकारची, हें तत्त्वहि त्याच राज्यानें रूढ केलें. एकाच डोंगराला असे दोन धनी झाले : एक वहिवाटीनें, दुसरा कागदानें.

१९४७ च्या फाळणींत हा मुसलमानेतर बहुसंख्येचा प्रदेश पाकिस्तानाकडे गेला. पुढें कर्णफुली नदीवर काप्ताई येथें वीजनिर्मितीसाठीं धरण झालें. १९६० नंतर त्याच्या जलाशयाखालीं सुमारें ५४,००० एकर जमीन बुडाली. मुलखांतील नांगरटीच्या जमिनीचा हा जवळजवळ चाळीस टक्के भाग होता. सुमारें एक लाख माणसें उठलीं. कित्येक हजार चाकमा भारतांत आले. त्यांतील बऱ्याच जणांस आजच्या अरुणाचलांत वसविण्यांत आलें, आणि तेथें तेच परके ठरले. ज्यांच्यापाशीं दस्तऐवज नव्हता, त्यांना नुकसानभरपाई मागणेंहि कठीण झालें.

बांगला देश झाल्यावर १९७२ मध्यें मानवेंद्र नारायण लारमा यांनीं स्वायत्ततेची मागणी केली; ती मान्य झाली नाहीं. पुढें त्यांच्या पक्षाची सशस्त्र शाखा, शांतिवाहिनी, लढूं लागली. १९७९ पासून सरकारनें सपाटीवरील सुमारें चार लाख बंगाली लोकांना डोंगरांत आणून वसविलें. कुटुंबास कांहीं एकर जमीन व धान्य देऊं केलें. आलेले बहुतेक भूमिहीन, नदीनें जमीन खाल्लेले गरीब शेतकरी होते. सरकारी दप्तरांत जी जागा 'पडीत' होती, ती त्यांच्या हातीं आली. पण ती पडीत नव्हती, विसाव्याला सोडलेली जूमभूमि होती. मग गांवें जळालीं, दोन्ही बाजूंचीं माणसें मारलीं गेलीं, आणि १९८६ नंतर हजारों डोंगरी लोक त्रिपुरांत निर्वासित झाले.

२ डिसेंबर १९९७ रोजीं करार झाला, निर्वासित परतले. परंतु परतलेल्यांपैकीं अनेकांच्या शेतांत दुसऱ्याचें घर उभें होतें. अशा तंट्यांसाठीं २००१ च्या कायद्यानें भूमिआयोग निर्माण झाला व २०१६ मध्यें त्यांत सुधारणा झाली. तरी हजारों अर्ज पडूनच राहिले. २०२४ च्या सप्टेंबरांत खागडाछडी व रांगामाटी येथें पुन्हां जाळपोळ झाली, प्राणहानि झाली.

हा तंटा केवळ वंशाचा वा धर्माचा आहे, असें म्हणणें सोपें आहे. वस्तुतः एकाच्या हातीं सरकारी पट्टा आहे आणि दुसऱ्याच्या मुखीं आजोबांची वहिवाट आहे. दोघेहि आपण खरें बोलतों असेंच मानतात. वसविलेल्या कुळाला नुसतें हांकून दिल्यानें न्याय होणार नाहीं. पण वहिवाट हा पुरावाच नव्हे, असें म्हटल्यानें तर तो कधींच होणार नाहीं. कोणता पुरावा ग्राह्य धरावयाचा, या एका प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत त्या डोंगरांतील शांतता कागदावरच राहील.