ईस्टर व पुनरुत्थान

ख्रिस्ती धर्मीयांचा सर्वांत प्राचीन व प्रमुख सण. क्रुसावर मरण पावलेला येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशी मृतांतून उठला, या श्रद्धेचा हा उत्सव होय. लोकव्यवहारात नाताळ अधिक परिचित असला, तरी ख्रिस्तजन्माच्या उत्सवाचे निश्चित उल्लेख चौथ्या शतकापासून मिळतात; ईस्टर मात्र दुसऱ्या शतकात सर्वत्र रूढ झालेला होता. चर्चच्या उपासनावर्षाची रचनाही याच सणाभोवती झालेली आहे.

बहुतेक यूरोपीय भाषांत या सणाचे नाव ‘पास्खा’ या शब्दावरून आले आहे. मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोकांची सुटका झाली, तिच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या ‘पेसाह’ या यहुदी सणाच्या नावाचे हे ग्रीक रूप होय. मराठी बायबलमध्ये या यहुदी सणास ‘वल्हांडण’ म्हटले आहे. पोर्तुगीज भाषेच्या संपर्कामुळे गोव्यातील कॅथलिकांत ‘पास्क’ हा शब्द रुळला, तर मराठी ख्रिस्ती समाजात ‘पुनरुत्थानाचा सण’ असे अर्थवाही नाव प्रचारात आहे. ‘ईस्टर’ या इंग्रजी नावाची व्युत्पत्ती बीड या इंग्रज धर्मगुरूने ७२५ मध्ये लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथात ‘एओस्त्र’ नावाच्या एका देवतेवरून लावली आहे; तथापि या देवतेविषयी अन्य प्राचीन पुरावा जवळजवळ नाही.

सणाची तिथी : ईस्टरचा दिवस दरवर्षी बदलतो. आशिया मायनरमधील ख्रिस्ती लोक दुसऱ्या शतकात तो यहुदी पंचांगाप्रमाणे निसान महिन्याच्या चतुर्दशीस पाळीत. रोममध्ये मात्र रविवारचा आग्रह होता. ३२५ मध्ये नायसीया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सर्व चर्चनी हा सण एकाच दिवशी पाळावा, असे ठरविले. त्यानंतर रूढ झालेल्या नियमानुसार २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार हा ईस्टरचा दिवस असतो. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकांवरून काढली जाते. पाश्चात्त्य गणनेप्रमाणे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. १५८२ मध्ये पोप तेरावा ग्रेगरी याने सुधारलेले पंचांग बहुसंख्य ऑर्थोडॉक्स चर्चनी या सणापुरते स्वीकारले नाही. त्यामुळे त्यांचा ईस्टर बहुधा नंतर येतो. नायसीया परिषदेस १,७०० वर्षे पूर्ण झाली त्या २०२५ साली दोन्ही परंपरांचा ईस्टर २० एप्रिल या एकाच दिवशी आला होता.

नव्या करारातील वृत्तांत : पुनरुत्थानाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शुभवर्तमानांत नसून पौलाने करिंथ येथील मंडळीस सु. ५३–५५ च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठविला गेला आणि केफा (पेत्र), बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब व अखेरीस स्वतः पौल यांना दिसला, अशी साक्षींची परंपरा तो तेथे नमूद करतो. ही परंपरा आपणास पूर्वसूरींकडून मिळाली, असेही तो सांगतो.

चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेचा शोध प्रथम स्त्रियांना लागतो व त्यांत मग्दालीया मरीया हिचे नाव सर्वत्र आहे. तत्कालीन यहुदी समाजात स्त्रियांच्या साक्षीस फारसे वजन नव्हते. म्हणून हा तपशील नंतर रचला गेला नसावा, असे अनेक अभ्यासक मानतात. बायबलमध्ये समाविष्ट झालेल्या चारही शुभवर्तमानांपैकी एकातही प्रत्यक्ष पुनरुत्थानाच्या क्षणाचे वर्णन नाही. आढळते ती रिकामी कबर आणि नंतरची दर्शने. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सर्वांत प्राचीन संपूर्ण हस्तलिखितांत तर भयभीत झालेल्या स्त्रिया कबरेपासून पळून जातात आणि कोणासही काही सांगत नाहीत, येथेच कथन थांबते. दर्शनांच्या वृत्तांतांत स्थळ, क्रम व व्यक्ती यांविषयी तफावती आहेत. उठलेला ख्रिस्त कधी ओळखू येत नाही, बंद दारांआड प्रकट होतो आणि तरीही शिष्यांसमवेत अन्न घेतो. तो पूर्वीचाच आहे व पूर्वीसारखा नाही, ही दुहेरी जाणीव या कथनांत सर्वत्र दिसते.

संकल्पनेचे स्वरूप : पुनरुत्थानाची कल्पना ख्रिस्ती धर्माने यहुदी परंपरेतून घेतली. इ. स. पू. दुसऱ्या शतकात चौथा अँटायओकस या सेल्युसिड राजाने यहुद्यांचा धार्मिक छळ केला. देवाशी एकनिष्ठ राहिल्यामुळेच ज्यांचा वध झाला त्यांना न्याय केव्हा मिळणार, हा प्रश्न त्या काळात तीव्र झाला. दानीएलाचे पुस्तक व मक्काबींचे दुसरे पुस्तक यांतील मृतांच्या उठण्याची आशा या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आली. येशूच्या काळी परूशी पंथास ही कल्पना मान्य होती, सदूकी पंथास अमान्य होती. युगान्ती सर्व मृत उठतील, अशी परूश्यांची अपेक्षा होती. एकच मनुष्य, तोही गुन्हेगार म्हणून क्रुसावर मारला गेलेला, इतिहासाच्या मध्येच उठविला गेला, हे ख्रिस्ती घोषणेतील नवेपण होते. ज्याला राज्यसत्तेने व धर्मसत्तेने दोषी ठरविले त्याच्या बाजूने ईश्वराने कौल दिला, असा तिचा आशय होता.

ही संकल्पना तीन निकटच्या कल्पनांहून वेगळी आहे. पहिली, मृताचे पूर्ववत जिवंत होणे. शुभवर्तमानातील लाजर जिवंत होतो. पण तो पुढे पुन्हा मरणार आहे. पुनरुत्थित ख्रिस्ताला मात्र पुन्हा मरण नाही, अशी श्रद्धा आहे. दुसरी, आत्म्याचे अमरत्व. ग्रीक विचारात आत्मा स्वभावतःच अमर असून मृत्यू म्हणजे देहरूपी बंधनातून त्याची सुटका होय. ख्रिस्ती मतानुसार मनुष्य समग्रपणे मरतो आणि त्याचे पुढील जीवन हे ईश्वराचे दान असते, अशी मांडणी ऑस्कर कुलमान (१९०२–९९) याने १९५५ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानात केली व ती बरीच वादग्रस्त ठरली. तिसरी कल्पना पुनर्जन्माची. भारतीय वाचकास ती सर्वाधिक परिचित असल्याने ‘पुनरुत्थान’ या शब्दाने तिचा भास होण्याचा संभव असतो. पुनर्जन्मात जीव कर्मानुसार निरनिराळे देह धारण करतो व त्या चक्रातून सुटणे हे अंतिम ध्येय असते. पुनरुत्थानात एकच आयुष्य, एकच व्यक्ती आणि तिचाच रूपांतरित देह अभिप्रेत आहे. पौलाने पेरलेले बी व उगवलेले रोप यांचा दृष्टान्त देऊन हे सातत्य व हा भेद स्पष्ट केला आहे.

ऐतिहासिकतेचा प्रश्न : हेरमान झामुएल रायमारुस (१६९४–१७६८) याने शिष्यांनीच शव पळविले असावे, असे प्रतिपादन केले. डाव्हीट फ्रीड्रिख श्ट्राउस (१८०८–७४) याने १८३५ मध्ये या कथांना मिथ्यकथा मानले. विसाव्या शतकात रूडोल्फ बुल्टमान (१८८४–१९७६) याने १९४१ च्या एका निबंधात असे मांडले की, पुनरुत्थान ही इतिहाससंशोधनाने सिद्ध होणारी घटना नसून क्रुसाचा अर्थ व्यक्त करणारी श्रद्धेची भाषा आहे. कार्ल बार्ट (१८८६–१९६८) याने ती खरोखर घडलेली घटना मानली. पण इतिहासकाराच्या कसोट्या तिला लावता येत नाहीत, असे म्हटले. व्होल्फहार्ट पानेनबेर्क (१९२८–२०१४) याने मात्र ती ऐतिहासिक चिकित्सेच्या कक्षेतच आणली. पिंखास लापीडे (१९२२–९७) या यहुदी विद्वानाने येशूला मसीहा न मानताही त्याचे पुनरुत्थान वास्तव मानले, हे लक्षणीय होय. इतिहासाच्या साधनांनी इतके दाखविता येते, की क्रुसानंतर विखुरलेले शिष्य अल्पावधीत एकत्र आले, तो उठला आहे असे जाहीरपणे सांगू लागले आणि त्यांपैकी काहींनी त्यासाठी मरण पतकरले. या परिवर्तनाचे कारण काय, याचे उत्तर श्रद्धावंत व चिकित्सक वेगवेगळे देतात. ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश पोकळ ठरतो, हे पौलाने स्वतःच मान्य केल्यामुळे या वादास ख्रिस्ती धर्मात केवळ विद्वत्तेचे महत्त्व उरत नाही.

उपासना : ईस्टरपूर्वी राखेच्या बुधवारपासून, रविवार वगळता, चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. अखेरचा आठवडा झावळ्यांच्या रविवारने सुरू होतो व त्यात येशूचे अंतिम भोजन आणि गुड फ्रायडे हे दिवस येतात. शनिवारी रात्री रोमन कॅथलिक चर्चमध्ये जागरणविधी होतो. हा विधी कालांतराने शनिवारी सकाळीच उरकला जाऊ लागला होता. पोप बारावा पायस याने १९५१ मध्ये तो पुन्हा रात्रीच्या वेळी सुरू केला. अंधारात नवा अग्नी प्रज्वलित करून त्यावर एक मोठी मेणबत्ती पेटवितात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे अंक कोरलेले असतात. तिच्या ज्योतीवर उपस्थितांच्या मेणबत्त्या उजळतात. विश्वनिर्मिती व तांबड्या समुद्रातून इस्राएलाची सुटका या कथांचे वाचन होते आणि नवदीक्षितांना स्नानसंस्कार दिला जातो. पाण्यात उतरणे हे ख्रिस्तासह मरणे व बाहेर येणे हे त्याच्यासह उठणे, असा त्याचा अर्थ आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अनेक ठिकाणी रविवारी सूर्योदयाच्या वेळी उपासना होते. ईस्टरनंतरचा आनंदकाल पन्नास दिवसांचा असतो. प्रत्येक रविवार हाही पुनरुत्थानाचे साप्ताहिक स्मरणच होय. रशियन भाषेत तर रविवारचे नाव ‘पुनरुत्थान’ याच अर्थाच्या शब्दावरून आले आहे. रंगविलेली अंडी ही नवजीवनाची व उघडलेल्या कबरेची खूण मानली जाते. मध्ययुगात उपवासकाळात अंडी वर्ज्य असल्यानेही ती सणाच्या भोजनाशी जोडली गेली असावीत. मुंबई व गोव्यातील ख्रिस्ती घरांत आज मार्झिपान किंवा चॉकलेटची अंडी दिसतात.

मराठीत ही कथा प्रथम विस्ताराने आणण्याचे श्रेय फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणास (१६१६) जाते. या ओवीबद्ध ग्रंथाच्या दुसऱ्या भागात येशूचे जन्मापासून पुनरुत्थान व स्वर्गारोहण यांपर्यंतचे चरित्र आहे. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ यासारखे श्रोत्यांच्या परिचयाचे शब्द त्यांनी निःसंकोचपणे वापरले.

आजच्या श्रद्धावंतांच्या दृष्टीने अर्थ : पुनरुत्थानाच्या श्रद्धेचा कस सर्वप्रथम मृत्यूच्या प्रसंगी लागतो. दफनभूमीसाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘सेमेटरी’ हा शब्द ‘निद्रास्थान’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. मृत हे उठविले जाण्याच्या प्रतीक्षेत निजले आहेत, ही कल्पना त्यात आहे. ही श्रद्धा शोकास मनाई करीत नाही. लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, असे शुभवर्तमान सांगते. कॅथलिक चर्चने १८८६ मध्ये दहनास केलेली बंदी १९६३ मध्ये उठविली. देह जळाल्याने ईश्वराच्या सामर्थ्यास बाध येत नाही, ही भूमिका तीमागे आहे. २०१६ च्या निर्देशात दफनास प्राधान्य कायम ठेवून रक्षा पवित्र स्थळी जतन करावी, ती विखुरू नये वा पाण्यात विसर्जित करू नये, असे सांगितले. २०२३ मध्ये रक्षेचा अल्प अंश मृताच्या जीवनात महत्त्वाच्या असलेल्या स्थळी ठेवण्याची मुभा देण्यात आली. दहन हीच बहुसंख्यांची रीत असलेल्या भारतीय समाजात राहणाऱ्या कुटुंबांस हे प्रश्न प्रत्यक्ष भेडसावतात.

दुसरा अर्थ देहाविषयीचा आहे. ‘देहाचे पुनरुत्थान’ हे शब्द प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आहेत. देह ही टाकून देण्याची वस्तू नसेल, तर भुकेलेल्याची भूक व रुग्णाची शुश्रूषा यांना धार्मिक मोल प्राप्त होते. इंग्रज बिशप व बायबलचे अभ्यासक एन. टी. राइट (१९४८– ) यांनी असे मांडले आहे, की ख्रिस्ती आशेचे लक्ष्य जगापासून दूर जाणे नसून याच सृष्टीचे नवीकरण हे आहे.

तिसरा अर्थ अन्यायाशी निगडित आहे. युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) यांनी किशोरवयात हँबर्गवरील बाँबहल्ला अनुभवला आणि १९४५ ते १९४८ हा काळ युद्धकैदी म्हणून काढला. थिऑलॉजी ऑफ होप (मूळ जर्मन, १९६४) या ग्रंथात त्यांनी पुनरुत्थानाकडे भविष्याविषयीचे वचन म्हणून पाहिले. ज्याला असे वचन मिळाले तो विद्यमान स्थितीशी तडजोड करीत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. भारतात अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथील व्याख्यानातून दलित ईश्वरविद्येचा पाया घातला. तीत क्रुसावरील ख्रिस्ताचे दुःखभोग केंद्रस्थानी आहेत. ज्यांच्या देहास अस्पृश्य ठरविले गेले त्यांच्या दृष्टीने, तिरस्कृत व जखमी देहालाच ईश्वराने उठविले, या श्रद्धेस विशेष आशय प्राप्त होतो.

या श्रद्धेने दुःखाचा विसर पडावा, अशी अपेक्षा नाही. योहानकृत शुभवर्तमानात संशयी थोमाला ख्रिस्ताची ओळख पटते ती त्याच्या हातांवरील व कुशीतील व्रणांवरून. उठलेल्या देहावरही ते कायम आहेत. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या दिवशी, श्रीलंकेत तीन चर्चांवर व काही हॉटेलांवर आत्मघातकी हल्ले होऊन २५० हून अधिक लोक मारले गेले. नेगोंबोजवळील सेंट सेबॅस्टियन चर्चमधील पुनरुत्थित ख्रिस्ताच्या मूर्तीवर मृतांच्या रक्ताचे शिंतोडे उडाले होते. चर्चची दुरुस्ती झाली. ती मूर्ती मात्र धुऊन स्वच्छ न करता तशीच जतन करण्यात आली.