कॅराव्हॅनमध्ये पाण्याचा फिल्टर कोणता लावायचा? फक्त टीडीएसचा आकडा पाहून ठरवू नका

व्हॅनमध्ये किचन, बेड आणि पाण्याची टाकी बसवून कोकणात किंवा थेट लडाखला निघालेल्या कुटुंबांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण आणलं. पिंपरी-चिंचवडकरांना तर हा विषय घरचाच, कारण आकुर्डीत मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरवर अनेक कॅराव्हॅन बांधल्या जातात.

गाडी तयार झाली की प्रश्न येतो पिण्याच्या पाण्याचा. बरेच जण घरचाच आरओ गाडीत बसवायचं ठरवतात. पण गाडीसाठी तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. का, ते पाहूया.

आधी पाहा, पाण्यात नेमकं काय आहे?

पाण्यातली घाण तीन प्रकारची असते. पहिली गाळ-माती, दुसरी रोगजंतू आणि तिसरी पाण्यात विरघळलेले क्षार व रसायनं. यातल्या प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

निगडीत महापालिकेच्या नळावर टाकी भरली, तर ते पवना धरणाचं, शुद्धीकरण केलेलं पाणी असतं. त्यात क्षार कमी असतात. पण शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. म्हणजे सोसायटीच्या टाकीत पाणी जास्त वेळ साठून राहतं आणि जंतू मारणारं क्लोरीन हळूहळू कमी होतं. चाकणजवळ बोअरचं किंवा टँकरचं पाणी भरलं, तर गणित बदलतं. बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं आणि त्यात क्लोरीन नसतं.

टीडीएस मीटर काय सांगतो, काय सांगत नाही?

पेनसारखा टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो.

मात्र हा मीटर जंतू मोजत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण वाढले. तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आणि नोरोव्हायरस आढळला. दोन्ही दूषित पाण्यातून पसरू शकतात. पाण्यात ते असतील, तरी मीटरवर आकडा ८० दिसू शकतो.

आरओ, यूएफ, यूव्ही, कार्बन: कोण काय करतं?

• आरओ: क्षार काढतो. पण एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. चार जणांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला २० लिटर लागतात असं धरू. तीनपट पाणी वाया गेलं, तर त्यासाठी ८० लिटर खर्च होतील. १०० लिटरची टाकी एका दिवसात जवळपास रिकामी! शिवाय पंपाला वीज लागते.

• यूएफ: अतिशय बारीक छिद्रांच्या पोकळ तंतूंतून पाणी गाळतो. जीवाणू आणि परजीवी अडवतो. वीज लागत नाही, पाणी फारसं वाया जात नाही. क्षार मात्र तसेच राहतात आणि सगळे विषाणू अडतीलच असं नाही.

• यूव्ही: जीवाणूंसोबत विषाणूंनाही निष्क्रिय करतो. पण पाणी गढूळ असेल तर प्रकाश आत पोहोचत नाही. बॅटरीवर चालणारा घ्यावा लागतो.

• कार्बन: क्लोरीन, वास आणि काही रसायनं शोषून घेतो. जंतूंसाठी त्यावर भरवसा ठेवू नका.

मग गाडीत काय बसवायचं?

बहुतेक प्रवासांसाठी हा क्रम पुरेसा आहे: टाकी भरताना पाइपला ५ मायक्रॉनचा गाळाचा फिल्टर, आणि पिण्याच्या नळाआधी कार्बन व यूएफ. बॅटरी चांगली असेल तर शेवटी यूव्ही.

इथे एक चूक टाळा. कार्बन टाकीच्या आधी लावू नका. तो क्लोरीन काढून टाकतो आणि मग टाकीत साठलेल्या पाण्याला संरक्षणच उरत नाही. कार्बन टाकीनंतरच हवा.

जास्त टीडीएसच्या भागात राहणं होणार असेल, तर फक्त पिण्यासाठी छोटा आरओ घ्या आणि त्याचं बाहेर पडणारं पाणी भांडी धुवायला वापरा. नाहीतर पिण्यापुरते सीलबंद जार घेणं सोपं.

नदीचं पाणी मात्र टाकीत भरू नका. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस आपण पाहिला आहे. सांडपाणी आणि कारखान्यांची रसायनं मिसळलेलं पाणी गाडीतल्या फिल्टरने पिण्यायोग्य होईल असं समजू नका.

फिल्टर चांगला, पण टाकीचं काय?

महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत आतून बुळबुळीत थर धरतो. निघण्याआधी टाकी धुवा. नंतर १०० लिटर पाण्यात साधारण ५ टक्क्यांचं, सुगंध नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट १०० मिली मिसळा आणि चार तास ठेवा. त्या वेळी फिल्टर काढून ठेवा. हे पाणी पिऊ नका, पूर्ण काढून टाका आणि वास जाईपर्यंत टाकी खळबळून घ्या. पाणी भरायला बागेचा पाइप नको, फूड ग्रेड पाइप वेगळा ठेवा.

लडाखसारख्या ठिकाणी यूएफ गोठू देऊ नका. गोठल्यावर तंतू फुटतात, पण बाहेरून काही दिसत नाही. असा फिल्टर बदललेलाच बरा.

पाण्याबद्दल शंका आली तर?

उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरहून जास्त उंचीवर तीन मिनिटं. लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी जंतू मरतात. लहान मुलं, गरोदर महिला किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील, तर अनोळखी बोअरचं पाणी फिल्टर करूनही उकळूनच द्या.