बुरशीच्या घरची चांदी

भाद्रपदात पावसानं उघडीप दिली की खुलताबाद तालुक्यातला शेतकरी अद्रकीच्या बेडवरून चालताना खालची पानं बघत जातो. पान पिवळं दिसलं की खोड धरून हलकंच ओढतो. ते बुडातून अलगद निसटलं, टोक पाणचट आणि हाताला कुजका वास, म्हणजे सड लागली. हा बहुतेकदा पिथियमचा प्रताप. त्याच्या बीजाणूंना दोन-दोन शेपट्या असतात. साचलेल्या पाण्यातून ते चक्क पोहत पुढच्या कंदापर्यंत जातात!

इलाज जुनाच, तांब्याचा. द्राक्षावरच्या केवड्यासाठी मिलार्दे यांनी १८८५ साली फ्रान्समध्ये मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण जगापुढे आणलं. अद्रकीला आजही कॉपर ऑक्सिक्लोराईडची आळवणी होते. पण बुरशीशी गाठ पडते ती कणाच्या पृष्ठभागाची; पोटातलं तांबं नुसतंच बसून राहतं. आता हिशेब करा. एक सेंटीमीटरचा तांब्याचा ठोकळा, वजन जेमतेम ९ ग्रॅम, पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर. त्याचेच १० नॅनोमीटरचे ठोकळे पाडले तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे!

इतके बारीक कण पाडायचे कसे? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी हे काम बुरशीवरच सोपवलं; धातू मात्र तांब्याऐवजी चांदी घेतला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ठेवली. द्रावण तपकिरी झालं. त्यात रंगद्रव्य कुठलंच नव्हतं. चांदीचे ५ ते १५ नॅनोमीटरचे कण प्रकाशाशी खेळत होते, आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बुरशीनंच त्यांना प्रथिनांचं वेष्टन घातलं होतं. हरभऱ्यावर मर आणणारी ती हीच जात, अद्रकीलाही न सोडणारी. आणि चांदीचे असे कण रोगकारक बुरशींची वाढ रोखतात. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटानं तांब्याचे नॅनोकण घेऊन प्रयोगशाळेत फ्युजेरियमलाच अडवून पाहिलं.

काचेच्या बशीतलं यश शेतात तसंच उतरेल, असं मात्र मी म्हणणार नाही. मातीत हे कण चिकणमातीला, सेंद्रिय पदार्थाला बिलगतात. शिवाय शेतकरी शेणखतात मिसळून टाकतो ती ट्रायकोडर्मा, तीही बुरशीच, पण पिकाची मित्र. तिला वगळून पिथियमवरच जाण्याची अक्कल चांदीला नाही. हे जमेपर्यंत अद्रकीला बेणेप्रक्रिया, उंच बेड आणि पाण्याला मोकळी वाट.