चिकनमधले जंतू हळदीने मरत नाहीत

वसमतमध्ये एखाद्या घरी कोरियन पद्धतीचा बार्बेक्यू चिकन राइस बाऊल करायचा ठरला, की साहित्य गोळा होईपर्यंत सगळं सुरळीत चालतं. सोया सॉस, लसूण, आलं, गूळ, तीळ, लाल तिखट. मग घरातलं कुणीतरी मोठं माणूस विचारतं, "आणि हळद?" यात हळद नसते म्हटलं की पुढचा प्रश्न तयारच असतो, "अगं, मग जंतू कसे मरायचे?"

हा प्रश्न मी बारावी सायन्स झालेल्यांच्या घरांत ऐकलाय आणि दवाखान्यात नोकरी करणाऱ्यांच्या घरांतही. प्रत्येक वेळी शेवट एकच. कुणीतरी चमचाभर हळद लावून टाकतं, सोया सॉसचा गडद तपकिरी रंग गढूळ होतो, चवीला कडसर झाक येते. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण हळद लागली म्हणजे धोका टळला असं मनाने घेतलं की तव्यावरचं चिकन दोन मिनिटं आधी उतरवलं जातं, आणि ज्या ताटात कच्चं चिकन मुरवलं त्याच ताटात शिजलेलं काढलं जातं. धोका आहे तो इथे.

वसमतला हळदीबद्दल जिव्हाळा असणारच. इथल्या हळदीला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, हळद संशोधनासाठी बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हरिद्रा केंद्र इथेच आहे आणि सीझनला मोंढ्यात हळदीशिवाय दुसरा विषय नसतो. सेलम हळदीवर लेकरांची शिक्षणं नि लग्नं झालेली घरं इथे कितीतरी आहेत. अशा गावात हळदीच्या नावाने काही बोललं की ते गावालाच बोलल्यासारखं होतं. म्हणून आधीच सांगते, माझा वाद हळदीशी नाही. जे काम तिचं नाही ते तिच्या गळ्यात मारण्याशी आहे.

हिशेब करून पाहा. एक लहान चमचा हळद म्हणजे साधारण ३ ग्रॅम. त्यात कर्क्युमिन हे रंगद्रव्य ३ ते ५ टक्के. म्हणजे अर्धा किलो चिकनवर आपण जास्तीत जास्त दीडशे मिलिग्रॅम कर्क्युमिन पसरवतो. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे मांसात मुरणं दूरच, बोटांना आणि ओट्याला डाग पाडत वरच राहतं. "हळद जंतुनाशक असल्याचं सिद्ध झालंय" म्हणून ज्या प्रयोगांचा दाखला देतात, ते बहुतेक काचेच्या बशीत, वेगळं काढलेलं कर्क्युमिन किंवा हळदीचा अर्क वापरून केलेले असतात. त्यातही गोम आहे. २०१७ साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मध्ये नेल्सन आणि सहकाऱ्यांनी कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. हा रेणू अस्थिर आहे आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत खोटे सकारात्मक निकाल देण्यासाठी तो कुप्रसिद्ध आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

मग हमखास पेटंटची गोष्ट निघते. "अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं, माशेलकरांनी ते परत मिळवलं, उगीच का?" गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय शोधनिबंध पुढे ठेवून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण कशाच्या आधारावर? तर हा उपयोग भारतात पूर्वापार माहीत होता, नवा नव्हता, म्हणून. हळदीने जंतू किती मरतात हा त्या वादाचा मुद्दाच नव्हता, आणि चिकनचा तर त्यात दूरान्वयानेही संबंध नव्हता.

आता जे ऐकून इथे भुवया उंचावतात तेही सांगते. हळद पावडरवर स्वतःचे जंतू असू शकतात. शेतातून आलेली ओली हळद कुकरच्या वाफेवर शिजते, तिथे तिच्यावरचे बहुतेक जंतू मरतात. पण त्यानंतर ती दहा-पंधरा दिवस उघड्यावर, उन्हात वाळते. धूळ बसते, पाखरं उतरतात, शेळी फिरून जाते. पुढे पॉलिशचा ड्रम, पोती, गिरणी. मसाल्यांचं जगभर असंच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली आयात मसाल्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा जवळपास ७ टक्के खेपांमध्ये साल्मोनेला सापडला होता. साल्मोनेला म्हणजे कच्च्या चिकनमधल्या ज्या जिवाणूंची आपल्याला मुख्य भीती असते त्यांतला एक. फोडणीत हळद तापते म्हणून आपल्याला रोज त्याचा त्रास होत नाही. म्हणजे तिथेही काम उष्णताच करते.

मग आज्या-पणज्या हळद-मीठ लावत आल्या ते चूक होतं का? नाही. त्याने मांसाचा उग्र वास दबतो, रंग येतो, मीठ आत मुरतं. आणि त्यांचा रस्सा चुलीवर तासभर रटरटायचा. जंतू त्या उकळीत मरत होते, श्रेय हळदीला गेलं. राइस बाऊलच्या चिकनला ती तासभराची उकळी मिळत नाही, आठ-दहा मिनिटं तवा मिळतो. म्हणून इथे नीट समजून शिजवावं लागतं.

अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठी आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस ठरवलंय. तुकड्याच्या मध्यभागी ते गाठलं की साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे दोन्ही जिवाणू संपतात. मांडीचं बोनलेस घ्या, बोटाच्या पेराएवढे सारखे तुकडे करा. अर्ध्या किलोला चार मोठे चमचे सोया सॉस, दोन चमचे किसलेला गूळ, सात-आठ पाकळ्या लसूण, इंचभर आलं, एक चमचा लाल तिखट, मिरपूड आणि भाजलेल्या तिळाचं तेल. तासभर फ्रीजमध्ये मुरू द्या. ओट्यावर नको, आपल्या उन्हाळ्यात तर नकोच. मग लोखंडी तवा चांगला तापवून तुकडे एका थरात, सुटे सुटे ठेवा. गर्दी केली की पाणी सुटतं आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं.

इथेच या पदार्थाची खरी फसगत आहे. गूळ आणि सोया सॉसमुळे तुकडा दोन-तीन मिनिटांत बाहेरून काळसर, चकचकीत होतो आणि "झालं की" म्हणून उतरवला जातो. आत तो कच्चा असू शकतो. रंग निघाला की आच मंद करा, चमचाभर पाणी शिंपडून दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा, मग झाकण काढून मोठ्या आचेवर रस आटवा. सगळ्यात जाड तुकडा मधोमध कापून बघा. आतला रंग पुरता बदललेला हवा, मऊ, काचेसारखा भाग कुठेही दिसता कामा नये. तरी रंग हा अंदाजच, हाडाजवळचं मांस पूर्ण शिजूनही कधी गुलाबी राहतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. वारंवार चिकन करणाऱ्या घराने तो घ्यावाच.

मुरवणाचा उरलेला रस "त्यात मीठ आहे, काही होत नाही" म्हणून तसाच भातावर ओततात. तो कच्च्या चिकनचा रस आहे. खळखळून उकळल्याशिवाय पोटात जाता कामा नये.

नळाखाली चिकन खळखळून धुतल्यानेही जंतू जात नाहीत, उडतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या २०१९ च्या अभ्यासात चिकन धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये नंतर जिवाणू सापडले, आणि २६ टक्के लोकांच्या सॅलडपर्यंत ते पोचले. आपल्याकडे दुकानातल्या लाकडी ओंडक्यावरून पिसं आणि हाडाचा चुरा चिकटून येतो, म्हणून धुण्याला मी सरसकट नाही म्हणणार नाही. पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा आणि सिंक, ओटा, हात साबणाने स्वच्छ करा. शेजारी काकडी चिरून ठेवलेली नसावी.

हळदीसारखेच आणखी काही समज या पदार्थाच्या बोलण्यात निघतात. ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात, हे तर मी आता ऐकूनही घेत नाही. शेडमधल्या हजारो पक्ष्यांना रोज सुई कोण मारणार? त्यांची झपाट्याची वाढ निवडक पैदाशीमुळे झाली. अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ च्या आणि २००५ च्या वाणांना एकच खाद्य दिलं, तेव्हा ५६ दिवसांत पहिला वाण ९०५ ग्रॅमचा झाला आणि दुसरा ४,२०२ ग्रॅमचा. काळजी करायचीच तर अँटिबायोटिक्सची करा. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्या-जनावरांना देण्यावर भारत सरकारला २०१९ मध्ये बंदी घालावी लागली ती उगीच नाही.

अजिनोमोटोही विष नाही. त्यात १२ टक्के सोडियम असतं, साध्या मिठात ३९. त्यातला मुख्य घटक ग्लुटामेट सोया सॉसमध्ये आंबवण्यातून आपोआप येतो, आणि पिकलेल्या टोमॅटोतही तो असतो.

कोरियन म्हणजे जाळ तिखट, हेही खरं नाही. बुलगोगी या कोरियन भाजलेल्या मांसाच्या पदार्थात मिरची नसली तरी चालते, आणि कोरियात मिरची पोचली तीच मुळी सोळाव्या शतकाच्या शेवटी.

तांदूळ परदेशी लागत नाही. इंद्रायणीचा भात पुरेसा चिकट होतो, बासमतीचा सुटसुटीत भात इथे जमत नाही.

आणि सकाळचा भात दुपारभर ओट्यावर ठेवून रात्री बाऊलला घेऊ नका. बॅसिलस सेरियसचे बीजाणू भात शिजूनही जिवंत राहतात आणि कोमट भातात वाढून जे विष सोडतात ते परत गरम केल्याने जात नाही. भात उरला तर ताटात पसरून लवकर निववा आणि तास-दीड तासाच्या आत फ्रीजमध्ये टाका.