मोटारसायकलचे हँडल

हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद प्रसिद्ध आहे. हळदीचा भाव विचारण्यासाठी बाजारपेठेकडे निघालेला शेतकरी आज बहुधा मोटारसायकलवर असतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर पसरला, की चाक घसरते, गाडी आडवी होते आणि हँडल वाकते.

वाकलेले हँडल तापवून, ठोकून सरळ करता येते व पैसेही वाचतात. पण ही काटकसर घातक आहे. वाकल्या जागी पोलाद दुबळे होते. तेथे डोळ्यांना न दिसणारे तडे पडण्याचा संभव असतो आणि पुढे एखाद्या खड्ड्यात आदळताच नळी तेथेच तुटू शकते. म्हणून नवे हँडल घेणेच इष्ट.

ते कसे निवडावे? बाजारात चकाकणारी, उंच शिंगांसारखी हँडले मांडलेली असतात. तरुण मंडळींना त्यांचा मोह पडतो. परंतु हँडल माणसाच्या अंगाला बेताचे हवे, अंगरख्यासारखे! ते फार खाली व दूर असले, तर स्वार पुढे वाकतो, शरीराचा भार तळहातांवर येतो आणि मनगटातील नसा दाबल्या जाऊन बोटांना मुंग्या येतात. फार उंच असले, तर खांदे अवघडतात. गाडी उभी करून सीटवर ताठ बसावे, डोळे मिटून हात सहज पुढे करावेत. कोपरे किंचित वाकलेली आणि मनगटे सरळ राहतील, तेथेच मुठी असाव्यात. ते अंतर दोरीने मोजून दुकानात जावे.

रुंदीचाही विचार करावा. हँडल ही एक तरफ आहे. ती रुंद असली, की गाडी थोड्या जोराने वळते. पण बाजाराच्या गर्दीतून वाट काढताना तीच रुंदी अडचणीची ठरते. नळीची जाडीही जुळली पाहिजे. मुठीजवळ ती बहुतेक गाड्यांत 22 मिलिमीटर असते. मात्र जेथे हँडल आवळून बसवतात, तेथे काही गाड्यांची नळी अधिक जाड असते. जुने हँडल बरोबर नेल्यास ही फसगत टळते. साध्या पोलादी नळीचे हँडल ॲल्युमिनियमच्या हँडलाहून सामान्यतः स्वस्त मिळते व रोजच्या कामाला पुरेसे असते.

बसवून झाल्यावर मिस्त्रीला लगेच निरोप देऊ नये. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, गिअर न घालता इंजिन चालू ठेवावे आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. वळवताना इंजिनाचा वेग आपोआप वाढला, तर ॲक्सिलेटरची वायर ताणली जाते आहे असे समजावे. अशी गाडी वळणावर स्वाराच्या इच्छेविरुद्ध धावू लागेल! क्लचची वायर व ब्रेकची नळीही ताणली जात नाही ना, बोटे पेट्रोलच्या टाकीला चेंगरत नाहीत ना, हे पाहावे. वायर किंवा नळी ताणली जात असेल, तर ती लांब तरी घालावी, नाही तर ते हँडल परत करून कमी उंचीचे घ्यावे. बोटे चेंगरत असतील, तर ते हँडल बदलूनच घ्यावे.